गुगामलच्या कडेकडेनं

(दृश्य: परतवाडा, सकाळची वेळ. लाकडाचे अड्डे, मागे गाविलगडची डोंगररांग.)

मेळघाटाचं नाव बाहेर दोनच गोष्टींमुळे पोचतं. एक वाघ, दुसरं कुपोषण. सायकल या दोन्हींत कुठे बसत नाही. तरीही विदर्भात चढ, सावली आणि शांतता एकाच रस्त्यावर हवी असेल, तर शेवटी इथेच यावं लागतं. बाकीचं वऱ्हाड सपाट. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर कपाशी, तूर आणि संत्र्याचे बगीचे बघत पायडल मारायचं. अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरच्या आसपास, आणि तिथून तीसेक किलोमीटरवरचं चिखलदरा हजार मीटरच्या वर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. गुगामल राष्ट्रीय उद्यानात सायकल जात नाही. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. गुगामल हे त्याच्या गाभ्यातलं उद्यान, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. तिथे परवाना काढून, सफारीच्या गाडीतूनच जायचं. फाटकावर कितीही गोड बोललात तरी वनरक्षक सायकल आत सोडणार नाही, आणि त्यानं सोडूही नये.

मग सायकलवाल्यानं जायचं कुठून? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात याचं उत्तर आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय कोणाला प्रवेश मिळेल याची एक यादी त्यात दिली आहे, आणि सार्वजनिक रस्त्यानं पलीकडे जाणारा माणूस त्या यादीत येतो. जाणारा, बरं का. रस्ता सोडून नदीत डुंबायला उतरणारा नाही, सागाखाली तंबू ठोकणारा तर नाहीच. मेळघाटात सायकलवाल्याची पायरी ही एवढीच. ती मान्य केली तर डांबरी रस्त्यावरून जे दिसतं ते सफारीच्या गाडीतून दिसेलच असं नाही.

(दृश्य: धामणगाव गढीच्या पुढचा चढ. सायकलस्वार सगळ्यात हलक्या गिअरवर.)

चिखलदऱ्याला जायचे रस्ते दोन. एक धामणगाव गढीवरून मोठा नावाच्या गावाकडे चढतो, दुसरा घटांग-सलोन्याकडून फिरून येतो. पहिला जवळचा म्हणून सगळ्या गाड्या तिकडूनच वळतात. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, या रस्त्यावर सायकल घालूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. धुक्यात वळणावर हॉर्न ऐकू येतो, गाडी मात्र तोंडावर आल्याशिवाय दिसत नाही. मंगळवारी-बुधवारी याच घाटात वानरांशिवाय कोणी भेटत नाही.

चढ एका दमाचा नाही, रेंगाळणारा आहे. पुढची चकती लहान, मागची मोठी, आणि तोंड बंद ठेवून नाकानं श्वास घेता येईल एवढाच वेग. सामान कॅरियरवर खाली आणि घट्ट बांधलेलं बरं. पाठीवर पिशवी घेऊन चढलात तर वर पोचेपर्यंत कंबर बोलायला लागते.

सामानाची कुरकुर करणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. डिसेंबर १८०३. चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडे होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या हाताखालचा कर्नल स्टीव्हन्सन एलिचपुराकडून, म्हणजे आजच्या अचलपुराकडून, तोफा घेऊन निघाला. गडाची उत्तरेकडची बाजू त्यातल्या त्यात कच्ची होती आणि तोफा तिथे लावायच्या होत्या. रस्ता नव्हताच. डोंगर आणि दऱ्या ओलांडत, स्वतःच वाट पाडत, जवळजवळ ३० मैल त्या तोफा ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांचा वऱ्हाडावरचा हक्क गेला. या डोंगरात चाकं फिरवणं तेव्हापासूनच महाग आहे.

(दृश्य: मोठा गाव. खव्याची भट्टी.)

चढ संपत आला की मोठा लागतं. ही गवळ्यांची वस्ती. चिखलदऱ्याला येणारा रबडी आणि खवा नेतो तो इथल्या म्हशींच्या दुधाचा. अलीकडे आसपास स्ट्रॉबेरीचे वाफेही दिसतात, पण कॅमेरा अडकला तो भट्टीपाशी. काळी पडलेली लोखंडी कढई, खाली सागाची ढलपी. दूध आटत येतं तसा आवाज बदलतो. आधी खळखळ, मग जाडसर बुडबुडे, मग नुसतं फदफद. त्या वेळी हात थांबला की तळ लागलाच. भट्टीवरच्या आजी लांब दांड्याचं खुरपं कडेनं फिरवत राहतात आणि न बघता विचारतात, "कुठचे जी तुम्ही?"

अमरावतीहून, सायकलनं, म्हटल्यावर पहिल्यांदा वर बघतात.

"गाडी नाई भेटली काय बावा?"

भेटली होती, मुद्दामच सायकल आणली, हे त्यांना पटत नाही. येताना खाली उतारानं सुसाट जाऊ, असं सांगितल्यावर त्या म्हणतात, "उतारानं तं लहान पोट्टेही जाते. चढाचं सांगा." आणि पानावर गरम खवा ठेवतात, साखर वेगळी.

चिखलदऱ्यात थांबण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते सगळं आधीच माहीत असलेलं आहे. भीमकुंड, देवी पॉइंट, कॉफीचे मळे. गडावर मात्र पायी जा, आणि अर्धा दिवस काढून जा. सायकलची खरी वाट इथून पुढे सुरू होते.

(दृश्य: घटांगहून सेमाडोहकडे उतार. दोन्ही बाजूंना निष्पर्ण साग.)

घटांगला आपण परतवाडा-धारणी रस्त्याला लागतो. एसटी, चारदोन मालवाहू गाड्या, मोटारसायकलवर दुधाच्या कॅन, एवढीच काय ती वर्दळ. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा. आणि घंटी वाजवत राहा. ती माणसांसाठी नाही, अस्वलासाठी. वाघ बहुतेक वेळा तुम्हाला टाळून जातो. अस्वल मान खाली घालून आपल्याच नादात असतं, दचकलं की अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात तेव्हा पहाटे माणसं टोपल्या घेऊन आणि अस्वलं पोट घेऊन त्याच झाडाखाली येतात. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघू नये. आणि कोणत्याही दिवसांत अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. कानात गाणी घालून चालवणाऱ्यांना हा रस्ता नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत साग उघडा पडतो. असा मेळघाट भकास दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण हेच दिवस रानपिंगळ्याचे. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीचा पुरावाच नव्हता. ते संपलं असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी ते पुन्हा सापडलं, आणि मग मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं कळलं. घुबड असून हे दिवसा वावरतं. सकाळी नऊ वाजता उघड्या फांदीवर ऊन खात बसलेलं असतं. आपला नेहमीचा गावातला पिंगळा आणि हा यांत फरक काय? गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, छाती तपकिरी, पोट पांढरं स्वच्छ, पाय जाडजूड. शेपटी एकसारखी इकडून तिकडे हलवत असतो. मोटारीतून तो डाव्या-उजव्या खिडकीतून निघून जातो. ताशी बारा किलोमीटरनं येणाऱ्याला तो आधी दिसतो.

(दृश्य: सिपना नदी. सेमाडोह, कोलकास.)

सेमाडोहपासून रस्ता सिपनेच्या सोबतीनं कोलकास, हरिसालकडे जातो. खंडू, खापरा, गडगा, डोलार आणि सिपना, मेळघाटातल्या या पाच नद्यांचं पाणी तापीला मिळतं. सेमाडोहला मुक्काम करावा. पायांत ताकद उरली असेल तर दुसऱ्या दिवशी माखल्याचा चढ घ्यावा. या सगळ्या फेरीतला सगळ्यात निर्मनुष्य रस्ता तो. पाणी भरून घ्या, पंक्चरचं सामान जवळ ठेवा, फोनवर भिस्त नको.

इथे शांततेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपण तिचीच जाहिरात करतो आहोत. गाभ्यात पूर्वी गावं होती. वैराट, कोहा, कुंड. कोरकू आदिवासींची घरं, बैल, मळणी, होळी. वाघासाठी ही गावं उठली आणि डोंगराखाली वसली. काहींना जमीन, रस्ता, शाळा मिळाली. काहींची तक्रार आजही संपलेली नाही. जंगल वाढलं हेही खरं आहे. पण पिशवीवर "निर्जन रस्ता" असा शिक्का मारून आलेल्यानं एवढं माहीत करून घ्यावं, की हे सगळंच रान आधीपासून निर्जन नव्हतं.

आणि कडेची गावं तर अजिबात निर्जन नाहीत. हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत थाट्यांचे, म्हणजे गुराख्यांचे, जथे पायांत घुंगरू बांधून, बासरी वाजवत नाचतात. धारणी तालुक्यातल्या लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, आणि बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. बैरागडचा रस्ता सायकलीला छान आहे, पण दवाखाना हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. काम नसेल तर पुढे जावं.

(दृश्य: धारणी. मग धुळघाटचे जुने रूळ.)

धारणीच्या नैर्ऋत्येला धुळघाट. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी इथे डोंगर चढताना वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पातून नेऊ नये म्हणून वाद झाला, आणि नवा मार्ग प्रकल्पाबाहेरून घ्यायचं ठरलं. त्यामुळे सायकल गाडीत टाकून धुळघाटहून अकोल्याला उतरायची सोय आता नाही. धारणीहून एक तर बऱ्हाणपूरकडे निघा, नाही तर आल्या वाटेनं हरिसाल, सेमाडोह, घटांग करत परतवाडा गाठा. परतीचा घटांगचा चढ दुपारी उन्हात येतो, म्हणून सेमाडोहहून सकाळी लवकर निघा.