सुगंध येतो तो वितळलेल्या मेणातून

(दृश्य : काचेच्या भांड्यातली नवी मेणबत्ती, अगदी जवळून)

वात पेटली की सगळ्यांचं लक्ष ज्योतीकडे जातं. थोडं खाली बघा. वातीभोवतीचं मेण आधी ओलसर चमकतं, मग पारदर्शक होतं आणि काही मिनिटांत तिथे नाण्याएवढं डबकं साचतं. खोलीत पसरणारा सुगंध मुख्यतः या डबक्यातून येतो. मेणात साधारण ६ ते १० टक्के सुगंधी तेल मिसळलेलं असतं. ते गरम झालं की पृष्ठभागावरून हळूहळू उडतं. वातीतून वर चढून ज्योतीत गेलेलं तेल मात्र मेणाबरोबर जळून जातं. त्यामुळे ज्योत मोठी असली म्हणजे वास जास्त, हा समज सोडून द्यायला हवा. वास वाढतो तो डबकं रुंद झाल्यावर.

म्हणूनच मेणबत्ती पहिल्यांदा पेटवताना हाताशी वेळ हवा. डबकं भांड्याच्या कडेपर्यंत पोचेपर्यंत ती विझवायची नाही. ठोकताळा असा : तोंडाच्या दर अडीच सेंटीमीटर रुंदीला एक तास. साडेसात सेंटीमीटरचं भांडं असेल तर तीन तास धरा.

(दृश्य : मधोमध खड्डा पडलेली मेणबत्ती)

घाईत, अर्ध्या तासात विझवली तर काय होतं ते इथे दिसतंय. मधलं मेण वितळलं, कडेचं घट्टच राहिलं. पुढच्या वेळीही मेण बहुतेक त्याच गोलापर्यंत वितळतं आणि खड्डा खोल होत जातो. शेवटी वात स्वतःच्याच मेणात बुडते. कडेचं मेण आणि त्यातलं अत्तर, दोन्ही वाया.

खड्डा फार खोल नसेल तर उपाय सोपा आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉइल भांड्याच्या काठावर घट्ट बसवा, कडा किंचित आत वळवा आणि मधोमध तीन-चार सेंटीमीटरचं भोक मोकळं ठेवा. फॉइल ज्योतीच्या अगदी वर येता कामा नये. उष्णता आत अडते आणि तासाभरात कडेचं मेण सुटायला लागतं. तेवढा वेळ तिथून हलू नका, आणि फॉइल काढण्याआधी ज्योत विझवून ती गार होऊ द्या, कारण ती चांगलीच तापलेली असते.

आता वात. दर वेळी पेटवण्याआधी, मेण पूर्ण गार असताना, सुती वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापायची. लाकडी वात ३ मिलिमीटर पुरते. लांब वात ज्योतीला पेलवेल त्याहून जास्त मेण वर ओढते. मग जळण अपुरं होतं, टोकाला काजळीचा गोळा धरतो, ज्योत उंच होऊन धूर सोडते आणि काचेच्या आतल्या बाजूला काळा पट्टा उमटतो. काच काळवंडली की दोष मेणाला दिला जातो. आधी वात बघावी. फार आखूड कापली तर उलटं होतं, ज्योत मेणात गुदमरते. खास वाकडी कात्री मिळते, पण ती कामाला येते मेण बरंच खाली गेल्यावर. भरलेल्या भांड्याला नेलकटर पुरतो. कापलेला तुकडा मात्र मेणात पडू देऊ नका. तो पेटला तर ती दुसरी वातच झाली.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. पंख्याखाली किंवा उघड्या खिडकीशी ज्योत थरथरते, काजळी धरते आणि एकीकडे झुकते. मेण एका बाजूनेच वितळतं, काचही तिथेच तापते. खोलीत हवा खेळती असावी, झोत मात्र ज्योतीवर येऊ नये. पडदे, पुस्तकं, कागद किमान ३० सेंटीमीटर लांब. फळीच्या खाली ठेवूच नका, गरम हवा सरळ वर चढते. भांड्याखाली उष्णता सोसणारी बशी हवी. दोन मेणबत्त्यांत ८-१० सेंटीमीटर अंतर असू द्या.

एका वेळी चार तास पुरे. त्यापुढे डबकं खोल होतं, वात कलंडते, काच फार तापते. तासाभरानंतर वास येईनासा झाला तर लगेच दुसरी पेटवू नका. बऱ्याचदा मेणबत्ती ठीक असते, नाकाला सवय झालेली असते. दहा मिनिटं बाहेर जाऊन या, कळेल. अर्थात घरात दुसरं कोणी लक्ष ठेवायला असेल तरच, नाहीतर विझवून जा. झोपण्यापूर्वीही विझवायचीच.

(दृश्य : विझलेल्या वातीतून निघणारा पांढरा धूर, त्यात पेटती काडी)

फुंकर मारल्यावर निघणारा हा पांढरा धूर म्हणजे न जळलेली मेणाची वाफ. काडी त्यात धरली की ज्योत उडी मारून वातीवर येते, वातीला हात न लावता. तोच धूर सुगंधावर जळका वास चढवतो. शिवाय फुंकरीने पातळ मेण उडतं. त्यापेक्षा तारेच्या आकड्याने वात डबक्यात बुडवा आणि लगेच सरळ उभी करा. धूर होत नाही, आणि मेणाचा लेप बसल्याने पुढच्या वेळी वात चटकन पेटते. लाकडी वातीला ही युक्ती नको, तिच्यावर धातूचं झाकण ठेवा. मेण घट्ट होईपर्यंत भांडं हलवू नका.

क्वचित मेण इतकं तापतं की सगळा पृष्ठभागच पेट घेतो. अशा वेळी पाणी अजिबात टाकायचं नाही. पाणी मेणाखाली जातं, क्षणात वाफ होतं आणि पेटतं मेण चौफेर फेकतं. धातूचं झाकण किंवा ताट वर ठेवा आणि भांडं गार होईपर्यंत उचलू नका.

तळाशी एक सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबा. उष्णता झेलायला मेणच कमी राहिलं, तर ती थेट काचेच्या बुडाला लागते आणि काच तडकते. उरलेलं मेण काढायचं असेल तर गार झालेलं भांडं काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि बोथट सुरीने सुटून येतं. सिंकमध्ये वितळवून ओतू नका, ते नळीत गोठून बसतं. आणि फ्रीझरमधून काढलेलं भांडं लगेच गरम पाण्याखाली धरू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.