सांगोल्याचे आबा
(निवेदन)

[काळ्या पडद्यावर एकच आकडा : 192]

192 मतं.

1995 च्या विधानसभा निवडणुकीत गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून एवढ्याच मतांनी हरले. समोर होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. आबा तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. या वयात हरलेला पुढारी बहुधा सत्कार स्वीकारू लागतो, नव्या पोरांना सल्ले देतो. आबांनी 1999 ला पुन्हा अर्ज भरला आणि निवडून आले. मग 2004, मग 2009, मग 2014.

सगळ्या मिळून अकरा वेळा ते आमदार झाले. अकराही वेळा मतदारसंघ सांगोला आणि पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. ज्या पक्षाकडे राज्याची सत्ता कधीच एकहाती आली नाही, तो त्यांनी सोडला नाही.

[माणदेशातला माळ, दुपारचं ऊन]

आबा मूळचे सांगोल्याचे नव्हेत. जन्म 1926 चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. पुण्यात कायदा शिकले आणि वकिली करायला सांगोल्यात आले. तो काळच वेगळा होता. स्वातंत्र्य मिळालं होतं, पण कुळाच्या हातात जमीन आली नव्हती. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी काँग्रेसपासून वेगळं होऊन शेतकरी कामगार पक्ष उभा केला होता. 1950 साली मालेगावजवळच्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवादाची दिशा ठरवली. खेड्यातल्या मराठी माणसाचा हा डावा विचार होता, आणि त्याची भाषा गावच्या चावडीवर कळणारी होती. पुढे स्वतः जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. गावोगावचे कितीतरी कार्यकर्ते मात्र लाल बावट्याखाली राहिले. त्यात सांगोल्याचा हा तरुण वकील होता.

आता 1962 ची त्यांची पहिली निवडणूक. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं समजायचं तर ती निवडणूक समजली पाहिजे.

1957 ला संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, आणि त्या लाटेत शेकापचे अनेकजण विधानसभेत पोचले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं आणि लाट ओसरली. मंगल कलश यशवंतराव चव्हाणांनी आणला, असं गावोगाव सांगितलं जात होतं. 1962 ला काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. शेकापच्या वाट्याला आल्या 15. वारं पूर्ण उलटं फिरलेलं असताना जे पंधराजण निवडून आले, त्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. लाटेवर निवडून येणारा आमदार लाटेबरोबर वाहूनही जातो. आबा पहिल्यांदा आले तेच उलट्या वाऱ्यात.

आबा धनगर समाजातले. तालुक्यात हा समाज मोठा आहे, आणि त्याचा आधार त्यांना होता हे झाकून ठेवायचं कारण नाही. पण नुसत्या जातीच्या बळावर कुणी अर्धं शतक निवडून येत नाही. समाज तोच होता, माणूसही तोच होता, तरी 1972 ला सांगोल्याने त्यांना पाडलं.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं : खडी फोडणाऱ्या बाया, कोरडी विहीर]

आणि 1972 म्हणजे तो दुष्काळ. माणदेशात आजही म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं, तर ते बाहत्तरच्या दुष्काळावरून सांगतात. मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, सुकडी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी अख्खी घरं. त्या वर्षी आबांकडे आमदारकी नव्हती. दोन वर्षांनी पोटनिवडणूक लागली आणि 1974 ला सांगोल्याने त्यांना परत पाठवलं.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा घडवला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली आणि लाल बावट्याच्या पक्षांनी ती लावून धरली. कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर घ्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं. देशाने असा कायदा केला 2005 मध्ये. मला याचा अभिमान वाटतो. आपल्या राज्यात एकेकाळी विरोधी बाकांवरून आणि सत्तेच्या बाकांवरून मिळून असं काही घडू शकत होतं.

आबा मंत्री दोनदा झाले. एकदा 1978 च्या, शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि एकदा 1999 नंतर, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे रोजगार हमीचं खातं होतं. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाच्या हाती ते खातं आलं, याला अर्थ होता. बाकीची जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकावर गेली. काही काळ ते विरोधी पक्षनेतेही होते.

[एसटीची लाल गाडी, खिडकीतून दिसणारा रस्ता]

एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख सगळ्या महाराष्ट्राला आहे. ती खरीच आहे. पण त्यांच्या साधेपणाचं कौतुक करता करता आपण कामाचं विसरतो, असं मला वाटतं. धोतर नेसून आणि एसटीत बसून कुणी अकरा वेळा जिंकत नाही. सांगोला मत देत होता तो पाण्यासाठी.

सांगोला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. कृष्णा वाहते, पण दूर पश्चिमेला आणि खाली. ते पाणी उचलून वर आणायचं, टप्प्याटप्प्याने पंप लावून, आणि मग कालव्याने माणदेशात सोडायचं. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांची ही साधी गोष्ट. 1993 ला आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषद भरली. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या हक्काच्या पाण्याची ती चळवळ. आबा तिच्या पुढच्या फळीत होते. नायकवडी स्वातंत्र्यसैनिक, आबा आमदार, भारत पाटणकर चळवळीतले. मागणीही साधी नव्हती. पाणी आणा एवढंच नव्हे, ते समन्यायी वाटा, असं ती चळवळ म्हणत होती. नदीकाठच्या बागायतदाराइतकाच माळावरच्या मेंढपाळाचाही कृष्णेवर हक्क आहे, हे म्हणणं पश्चिम महाराष्ट्रात त्या काळी सोपं नव्हतं. पाणी यायला पुढे किती वर्षं गेली, हे सांगोल्याच्या माणसाला सांगावं लागत नाही.

पाण्याची वाट बघत बसून पोट भरत नाही. म्हणून सूतगिरणी. सांगोला काही कापसाचा तालुका नव्हे. कापूस बाहेरून आणायचा, सूत इथे काढायचं आणि रोजगार इथल्या पोरांना द्यायचा. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या काळात सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी नीट चाललेली गिरणी म्हणून नावाजली गेली. शेजारी माळरानावर डाळिंब आलं, ठिबकच्या नळ्या आल्या.

[मालगाडीत चढवली जाणारी फळांची खोकी]

28 डिसेंबर 2020. देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली. कुठून सुटली? सांगोल्याहून. भाजीपाला आणि फळं घेऊन ती पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. बाहत्तरला ज्या तालुक्याला खायला मिलो बाहेरून आणावी लागली होती, त्या तालुक्यातून.

आबा तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते. 2014 ची निवडणूक त्यांनी ऐंशीच्या पुढच्या वयात लढवली आणि जिंकली, तीही देशभर मोदींची लाट असताना. समोर पुन्हा शहाजीबापूच होते. 2019 ला मात्र ते वयामुळे थांबले. नातू अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी हरले. सांगोल्यात जय-पराजय असा मूठभर मतांचा असतो.

30 जुलै 2021 ला सोलापुरात आबा गेले.

[विधानभवन, बाहेरून]

2024 ला दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, सांगोल्यातून उभे राहिले. पक्ष तोच. शहाजीबापू पाटलांना हरवून ते निवडून आले.

288 जणांच्या या सभागृहात त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार पोचला. तो सांगोल्याचा.