दगड बोलायला लागले की उठायचं

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला समुद्रावर घेऊन जाणार आहे, पण वाळूच्या समुद्रावर नाही, गोट्यांच्या. गोव्यात राहून बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की आपल्याकडे असेही कोपरे आहेत जिथे पायाखाली पांढरी पुळण नाही, सगळे गोल गुळगुळीत दगड, लिंबाएवढे, नारळाएवढे, आणि लाट आली की ते सगळे एकमेकांवर आपटतात. काणकोण तालुक्यात, काब द रामच्या किल्ल्याच्या आसपासचा जो कडा आहे ना, त्याच्या पायथ्याशी अशा जागा आहेत.

रस्ता सोपा आहे. मडगावहून चिंचोणे, असोळणे, बेतूल, तिथे साळ नदी समुद्राला मिळते, आणि मग चढ चढून वर सड्यावर. किल्ला बघायचाच. रामसीता वनवासात इथे राहिले म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. १७६३ मध्ये पोर्तुगीजांनी तो सौंद्याच्या राजांकडून घेतला आणि पुढे १९५५ पर्यंत तिथे तुरुंग होता. आत सांत अंतोनीचं कपेल, म्हणजे छोटं चर्च आहे, जुन्या तोफा आहेत, आणि तटावर उभं राहिलं की खाली समुद्र दिसतो, त्या दृश्याबद्दल मी काही बोलत नाही, ते तुम्ही जाऊन बघा.

मला तुम्हाला सांगायचंय ते खालचं. खाली उतरलो तेव्हाचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, थंडीचे दिवस. मी, माझी बहीण आणि तिची मुलगी, दहा वर्षांची. मी माझा छोटा रेकॉर्डर घेतला होता कारण गोट्यांवरच्या लाटेचा आवाज मला कधीपासून हवा होता. वाळूवर लाट येते आणि जाते, आवाज येण्याचा. गोट्यांवर खरा आवाज जाण्याचा असतो, पाणी मागे सरकताना शेकडो दगड घरंगळत नेतं, पाटीभर सुपाऱ्या कोणी फरशीवर ओताव्यात तसा. तर एका खडपाच्या, म्हणजे खडकाच्या, पाण्यात घुसलेल्या नाकाला वळसा घालून आम्ही पलीकडच्या खोबणीत गेलो. वळसा घालताना पाय पण भिजले नाहीत. दुपारचे दोन वाजले असतील. ओहोटी होती, आपल्याकडे म्हणतात तशी सुकती, पाणी लांब गेलेलं, वरच्या बाजूला गोट्यांची उंच रास आणि खाली पाण्यापाशी वाळूचा पट्टा. हे लक्षात ठेवा हं, वर गोटे, खाली वाळू. पुढे लागणार आहे.

आम्ही जेवलो. त्या दिवशी एकादशी होती, बहिणीने साबुदाण्याची खिचडी आणली होती. भाची दगड गोळा करत होती. ओला दगड हातात घेतला की असा दिसतो जशी तेल लावलेली काळी मूर्ती, त्यात पांढरी रेघ, कुठे जांभ्याचा लाल तुकडा, कुठे हिरवट झाक. पाच मिनिटं उन्हात ठेवला की राखेसारखा करडा. ती एवढी हिरमुसली, आणि मग तिने काय केलं तर आमच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी एकेक दगडावर ओतत बसली, रंग परत येतो म्हणून. आम्हाला कळेपर्यंत दोन्ही बाटल्या रिकाम्या.

साडेतीनला मी रेकॉर्डर लावला. हेडफोन कानावर, डोळे मिटून बसले. सुरुवातीला काही विशेष नाही, लाट खाली वाळूवर फुटत होती, हुश्श, हुश्श, मऊ. मला वाटलं आज आवाज मिळत नाही. आणि मग हळूहळू तो आवाज यायला लागला, जो मला हवा होता तोच, खळ्ळ, खडखडखड, प्रत्येक लाटेला थोडा जास्त. मी इतकी खूश झाले की काय सांगू, लेव्हल नीट केली, माइक आणखी खाली धरला. आणि तेवढ्यात खांद्यावर हात.

एक म्हातारे गृहस्थ. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, फाटक्या चपला, हातात लोखंडाची छोटी पटाशी आणि प्लास्टिकची बादली, खडपावरची कालवं काढायला आलेले. मी हेडफोन काढला. ते म्हणाले, "बाये, फातर उलयतात. आतां उठ."

दगड बोलतायत, आता ऊठ.

मला आधी काही कळेचना. मग त्यांनी भाचीला विचारलं, आयज खंयची तीथ? ती म्हणाली एकादशी, खिचडीमुळे तिला पाठ होतं. मग ते म्हणाले, अकरा पाऊण किती? ती गप्प. मी गप्प. ते म्हणाले सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती पूर्ण, सव्वादोनला सुकती पूर्ण, आता दोन तास झाले पाणी चढतंय, आतापर्यंत वाळूवर होतं म्हणून गप्प होतं, आता गोट्यांना लागलं. गोट्यांना लागलं की अर्ध्या तासात ते नाक बंद.

श्रोतेहो, मी तिथे आवाज रेकॉर्ड करायला गेले होते, आवाज ऐकणं हे माझं काम आहे, आणि ज्या आवाजाने मला उठवायला हवं होतं त्याच आवाजाची मी लेव्हल वाढवत बसले होते.

आम्ही निघालो. भाचीची पिशवी दगडांनी भरलेली, ती उचलेना, तिथेच ओतली. नाकापाशी आलो तर जिथून कोरड्या पायांनी आलो होतो तिथे गुडघाभर पाणी, आणि लाट आली की मांडीपर्यंत. खाली शेवाळं, पाय ठरत नाही. त्या आजोबांनी बादली बहिणीच्या हातात दिली, भाचीला पाठीवर घेतलं आणि लाट मागे गेली की चार पावलं, आली की खडपाला धरून थांब, परत चार पावलं, असं आम्हाला पार केलं. वर चढून आलो, पाणी मागायला एका घरी थांबलो, आणि पाच वाजता मागे वळून पाहिलं तर ते नाक दिसतच नव्हतं, नुसता फेस.

आता हे गणित सांगते, दोनदा सांगते, कागद घ्या. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजण्याला भरती पूर्ण. चतुर्थी, चार पाऊण तीन, तीन वाजता. अष्टमी, आठ पाऊण सहा, सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, तोच आकडा एकदा दुपारी बाराच्या आधी आणि एकदा नंतर धरा, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. परत सांगते, तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरती, त्यात सहा तास मिळवा म्हणजे सुकती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघा, जरूर बघा, पण कड्याखाली रेंज जाते आणि तिथी जात नाही.

म्हणजे अष्टमी ते एकादशी या दिवसांत सुकती बारा ते सव्वादोनच्या दरम्यान येते, दुपारी जाऊन उजेडात परत यायला हे दिवस बरे. पौर्णिमा-अमावस्येला पाणी खूप लांब जातं, उधाणाचं पाणी, लोकांना मोह होतो, पण ती सुकती संध्याकाळी सव्वापाचची, आणि पाणी चढायला लागतं तेव्हा अंधार पडत असतो. त्या दिवशी नाक ओलांडून पलीकडे जाऊ नका.

आणि हो, पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, माझ्या आजीला पावकी, निमकी, पाउणकी सगळं तोंडपाठ होतं. आम्हाला शाळेत शिकवलंच नाही, कॅल्क्युलेटर आहे म्हणे. माझं स्पष्ट मत आहे की किनाऱ्यावरच्या शाळांत तरी पाउणकी परत आली पाहिजे. ते आजोबा चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते, त्यांनीच सांगितलं.

बाकीचं पटकन सांगते. चप्पल नको, कॅनव्हासचे बूट घाला, ओले झाले तरी चालतील असे. गोट्यांचा उतार वाळूपेक्षा जास्त तिरका असतो, दोन पावलांत पाणी कमरेला येतं आणि परतणारी लाट पायाखालचे दगडच ओढून नेते, म्हणून तिथे पोहायचं नाही. अशा जागी जीवरक्षक नसतो. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. आणि कृपा करून तो ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, जिथे दगडांचा आवाज ऐकून जीव वाचतो तिथे तुम्ही गाणी लावून बसणार असाल तर तो आवाज ऐकणार कोण?

वाळू हवीच असेल तर पुढे आगोंद आहे, तिथे आणि गालजीबागेला ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात. गोट्यांत त्यांना खणता येत नाही, म्हणून ती वाळूच शोधतात. आगोंदच्या वाटेवर खोला गाव लागतं. तिथली मिरची, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी, २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दिसली तर घ्या, लालभडक रंग, बेताची तिखट, माशाच्या हुमणात, म्हणजे कालवणात, दुसरी कुठली घालणं मला तरी पटत नाही. बाजारात खोलाची सांगून भलतीच विकतात, म्हणून गावातच घ्यावी.

वेळ संपत आली. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, त्यातला छोटा तुकडा आता लावते. सुरुवातीला फक्त वाळूवरची लाट आहे. मग एक खळखळ येईल, अगदी बारीक, लक्ष देऊन ऐका. ती आली की काही लाटांनंतर एक आवाज ऐकू येईल, त्या आजोबांचा, आणि पुढे कपड्याची खसखस आहे कारण मी उठतेय. रेडिओचा आवाज थोडा वाढवा.