लक्झेंबर्गमधली एस्टोनिया

लक्झेंबर्ग देशातलं बेट्झडॉर्फ. इथलं एक डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या संगणकांची इमारत, लक्झेंबर्ग सरकारच्या मालकीचं आहे. जमीन त्यांची, वीजही त्यांचीच. पण आतल्या काही सर्व्हरपाशी जायचं, तर याच सरकारला एस्टोनियाची परवानगी काढावी लागते.

एस्टोनिया म्हणजे जेमतेम 13 लाख वस्तीचा देश. 1940मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. स्वातंत्र्य परत मिळायला 1991 उजाडलं. 2007च्या एप्रिलमध्ये राजधानी टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवला आणि सरकारी संकेतस्थळं, बँका, वर्तमानपत्रं यांच्यावर सायबर हल्ले सुरू झाले.

पुन्हा कुणी देश गिळला तर? आपल्याकडे सातबारा ऑनलाइन निघतो, तरी जुनी दप्तरं अजून कपाटात आहेत. एस्टोनियाचं राजपत्र 2010पासून फक्त ऑनलाइन निघतं, जमिनीची नोंदही संगणकातच. सर्व्हर गेले, तर कुठला कायदा लागू आणि कुठली जमीन कुणाची, हे दाखवायचं कशावरून?

म्हणून 20 जून 2017 रोजी दोन्ही देशांनी करार केला: एस्टोनियाच्या अशा नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमधल्या सर्व्हरवर ठेवायच्या. नाव पडलं, डेटा दूतावास.

आता कायद्यातली गोम. दूतावासांना 1961च्या व्हिएन्ना कराराचं संरक्षण असतं, पण तो करार राजदूत, त्याची माणसं आणि कचेरी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. इथे राजदूत नाही, व्हिसाची खिडकी नाही, नुसती यंत्रं. जुना करार ओढूनताणून बसवण्याऐवजी दोघांनी नवा लिहिला: परवानगीशिवाय प्रवेश नाही, झडती नाही, जप्ती नाही.

शहाणपणाचं काम. पण हा करार पाळायचा दोघांनीच, तिसऱ्याला त्याचं बंधन नाही. शिवाय अमेरिकेच्या 2018च्या क्लाउड कायद्यानुसार, अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असो, अमेरिकी न्यायालयाचा आदेश त्याला लागू होऊ शकतो. त्यामुळे इमारत सरकारी मालकीची आहे, ही बाब किरकोळ नाही. युक्रेनला इतकी सवड नव्हती. फेब्रुवारी 2022मध्ये, रशियाच्या हल्ल्याच्या आठवडाभर आधी, सरकारी डेटा देशाबाहेर नेण्याची मुभा त्यांच्या संसदेने दिली. त्यातला बराचसा गेला तो अमेरिकी कंपन्यांच्याच क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या त्यांच्या सर्व्हरवर.

भारताने 2023-24च्या अर्थसंकल्पात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत इतर देशांना असे डेटा दूतावास उघडू देण्याची घोषणा केली. उद्या आपलेच पोलीस वॉरंट घेऊन तिथे पोहोचले, तर दार कुणी उघडायचं, हे त्या-त्या देशाशी बसून आधीच लिहून घ्यावं लागेल.