मोतिया ढगांची करणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज जाऊया अंटार्क्टिकावर, ऐन हिवाळ्यात. सूर्य कित्येक आठवडे उगवत नाही. जमिनीपासून 15 ते 25 किलोमीटर उंचीवर हवा इतकी कोरडी, की दहा लाख रेणूंमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच. एरवी तिथे ढग धरतच नाही. पण तापमान उणे 78 च्या खाली उतरलं की नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे सूक्ष्म कण तयार होतात, आणि उणे 85 च्याही खाली गेलं की निव्वळ बर्फाचे. क्षितिजाखालच्या सूर्याचा उजेड लागला, की हे ढग शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे गुलाबी, हिरवे झळकतात. डोळ्यांचं पारणं फिटावं असं रूप!

आणि याच ढगांत ओझोनच्या नाशाची तयारी चालते.

फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांतल्या सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमधला क्लोरीन तिथवर पोहोचतो, हे रोलँड आणि मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच सांगितलं होतं. पण वर गेल्यावर तो बहुतांशी दोन संयुगांत अडकून पडतो: हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्लोरीन नायट्रेट. मोकळ्या हवेत ही दोघं एकमेकांच्या वाटेला जवळपास जातच नाहीत. मग 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांना तिथल्या दर वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओझोन एवढा घटलेला का दिसला?

अमेरिकी वातावरणशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांना याचं उत्तर बर्फाच्या कणात दिसलं. एक संयुग कणाला चिकटून बसतं, दुसरं त्यावर येऊन आदळतं. क्लोरीन वायू सुटतो, नायट्रिक आम्ल बर्फातच राहतं. कण जड झाले की ते खाली उतरतात आणि क्लोरीनला पुन्हा बांधून ठेवणारा नायट्रोजनही सोबत नेतात. मला यातली ही गोष्ट सगळ्यात भयंकर वाटते: पहारेकरीच निघून जातो. सप्टेंबरमध्ये ऊन आलं की क्लोरीनचे अणू सुटे होतात, आणि एकेक अणू हजारो ओझोन रेणू संपवतो.

1986 मध्ये सॉलोमन स्वतः अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर गेल्या. तिथल्या काळोखात आरशांनी चंद्रप्रकाश उपकरणात घेऊन त्यांच्या चमूने सुट्या क्लोरीनची खूण असलेला क्लोरीन डायऑक्साइड मोजला. तो अपेक्षेपेक्षा कितीतरी पट निघाला.

पुढच्याच वर्षी सीएफसींना आवर घालणारा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार झाला. सीएफसी थांबले, ओझोन हळूहळू सावरतो आहे. पण आधीच वर गेलेला क्लोरीन अजून कित्येक दशकं तिथेच असेल, आणि ते मोतिया ढग दर हिवाळ्यात धरतातच. म्हणूनच अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री तळावरूनही हवामान खात्याची माणसं फुगे सोडून ओझोन मोजत आली आहेत.