पाण्याखाली सगळ्यांनाच आधार लागतो

(दृश्य: मालवणची जेट्टी. सकाळची वेळ, पर्यटकांनी भरलेल्या होड्या.)

पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून थेट मे महिन्यापर्यंत मालवणच्या जेट्टीवर सकाळपासून गडबड असते. पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, कुठून कुठून माणसं स्कूबा करायला, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधल्या हवेवर श्वास घेत पाण्याखाली उतरायला येतात. त्यांतल्या कित्येकांना पोहता येत नाही. काहींनी तर समुद्रच पहिल्यांदा पाहिलेला असतो. तरीही किल्ल्याजवळ होडी नांगर टाकते, सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर दातांत धरला जातो, आणि ही माणसं पाण्याखाली जाऊन मासे बघून येतात.

हे कसं जमतं, ते या चित्रात नीट बघा. पर्यटकाच्या पाठीमागे इन्स्ट्रक्टर आहे. त्याने सिलिंडरचा वरचा भाग घट्ट धरलाय. किती खोल जायचं, कुठे वळायचं, वर कधी यायचं, सगळं तोच ठरवतोय. पर्यटकाने तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा आणि कान दुखले तर खूण करायची, एवढंच त्याचं काम. त्याचे पाय या सगळ्यात काहीही करत नाहीत.

मग याच जेट्टीवर कुणी व्हीलचेअरवरून आलं, तर "तुम्हाला नाही जमणार" असं उत्तर का मिळावं?

(दृश्य: प्रशिक्षणाचा तलाव. पाण्यात तिघेजण.)

हा प्रश्न अमेरिकेत चार दशकांपूर्वीच विचारला गेला. १९८१ साली कॅलिफोर्नियात जिम गॅटेकर यांनी हँडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन स्थापन केली. या संस्थेने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. आजाराच्या नावावरून माणसाला पास-नापास करायचं नाही, असं ठरवलं. त्याऐवजी दोन गोष्टी तपासल्या: पाण्याखाली तुम्ही स्वतःला सांभाळू शकता का, आणि अडचणीतल्या जोडीदाराला मदत करू शकता का. दोन्ही जमत असेल, तर तुम्हाला इतर कुठल्याही डायव्हरसारखा एक जोडीदार पुरतो. जोडीदाराला मदत करणं शक्य नसेल, तर सोबत दोघे हवेत. स्वतःला सांभाळायलाही मदत लागत असेल, तरी दोघेच, पण त्यांतला एक बचावाचं प्रशिक्षण घेतलेला.

मुळात स्कूबामध्ये एकट्याने उतरायचंच नसतं. धडधाकट, अनुभवी डायव्हरसुद्धा 'बडी' घेऊनच जातो, कारण त्याची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरवर श्वास घ्यायचा असतो. आणि श्वास तर सगळेच यंत्रावर घेतात. जमिनीवर ज्या दोन गोष्टींमुळे माणसाला 'अवलंबून' ठरवलं जातं, म्हणजे एखादं साधन आणि सोबतीला माणूस, त्या पाण्याखाली प्रत्येकाकडे असाव्या लागतात.

(दृश्य: जवळून. घोट्याला बांधलेलं छोटं वजन.)

मणक्याला दुखापत झालेला माणूस पाण्यात उतरतो, तेव्हा पहिली तक्रार पायांची असते, पण उलटी. ते जड होत नाहीत, तरंगतात. स्नायू झिजलेले, त्यावर वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा फोमसारख्या रबराचा पोशाख, त्यामुळे पाय वर उचलले जातात आणि डोकं खाली जातं. उपाय साधा आहे. कमरेच्या पट्ट्यावरचं थोडं वजन काढून घोट्यांना बांधायचं. पुन्हा बघायचं, पुन्हा बदलायचं. तासभर हेच चालतं. कंटाळवाणं वाटेल, पण सगळं यावरच अवलंबून असतं. शरीर एकदा सपाट, आडवं तरंगू लागलं की फिन्सऐवजी, म्हणजे पायांत घालायच्या रबरी पंख्यांऐवजी, हात वल्ह्यासारखे चालतात. बोटांमध्ये पडदे असलेले हातमोजे घातले, की प्रत्येक हाताला पाणी जास्त धरता येतं.

बोटं हलत नसलेल्यांची अडचण वेगळी. खाली जाताना नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे असतात. जमिनीवर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढा दाब पाण्यात दर दहा मीटरला वाढतो, आणि पहिल्या काही मीटरमध्येच कानांना ते कळतं. ज्याला चिमूट धरता येत नाही, तो जबडा हलवून, गिळून कान मोकळे करायला शिकतो, नाहीतर जोडीदार मास्कवरून त्याचं नाक दाबतो. त्यासाठी किती विश्वास लागत असेल, याचा विचार करा.

(दृश्य: अंध डायव्हर आणि जोडीदार, हात हातात.)

दृष्टी नसलेल्या डायव्हरला हाताच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून त्या हातावर दिल्या जातात. आधी जमिनीवर ठरवायचं: असा दाब म्हणजे थांब, असा म्हणजे वर चल. जोडीदार हात सोडत नाही, हवा किती उरली तेही तोच बघत राहतो. "पण काही दिसतच नाही, तर जायचं कशाला?" असं विचारणाऱ्यांनी प्रवाळाजवळ एकदा डोळे मिटून ऐकावं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सगळीकडून येत असतो. तो छोट्या कोळंब्यांच्या नांग्यांचा असतो. शिवाय अंगावरून सरकणारे पाण्याचे गार-कोमट थर, आणि कानाजवळून वर जाणारे आपलेच बुडबुडे. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूने तरुणपणीच गेली. ते पॅराग्लायडिंग करतात, आणि त्यांनी उभारलेली संस्था अपंग आणि अपंग नसलेल्यांना एकत्र साहसी खेळांत उतरवते. 'एकत्र' हा शब्द त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कर्णबधिर डायव्हरबद्दल काय सांगायचं! पाण्याखाली एरवी बोलणारे सगळे मुके होतात आणि दोन कर्णबधिर डायव्हर मात्र हातांनी मनसोक्त गप्पा मारत असतात.

(दृश्य: जुनी छायाचित्रे. जलतरण तलाव.)

पाण्याने पुन्हा उभं केलेला माणूस महाराष्ट्राला नवा नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचारांचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. उपचार म्हणून पाण्यात उतरलेला माणूस पुढे पाण्यासाठीच पाण्यात राहतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणि २०१२ मध्ये ब्रिटिश कलाकार सू ऑस्टिन यांनी तर व्हीलचेअरच समुद्रात नेली. त्या खुर्चीला दोन विजेरी प्रॉपेलर आणि पारदर्शक पंख होते. लाल समुद्रात त्या खुर्चीत बसून त्या प्रवाळांवरून गिरक्या घेताना दिसतात.

(दृश्य: डॉक्टरांची खोली.)

आता काळजीची बाजू, कारण ती लपवून कुणाचंच भलं होत नाही. नियंत्रणात नसलेले फिट्स, फुप्फुसांचे काही आजार यांत डायव्हिंग धोक्याचं आहे, मग पाय कितीही मजबूत असोत. डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरची तपासणी हवीच. मणक्याची दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर शरीराला ऊब धरून ठेवता येत नाही, आणि लघवीची पिशवी तुंबण्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. म्हणून उतरण्याआधी पिशवी रिकामी, जाड वेटसूट, आणि थोडाच वेळ.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. वर येताना चूक झाली, तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. हातापायांना मुंग्या, बधिरपणा ही त्याची खूण. पण ज्याचे पाय आधीच बधिर आहेत, त्याला कळणार कसं? म्हणून डायव्हिंगच्या आधी कुठे किती संवेदना आहे, याची लेखी नोंद करायची. खोली कमी ठेवायची, वर येण्याचा वेग आणखी सावकाश.

(दृश्य: होडीची फळी आणि जेट्टीची पायरी. जवळून.)

पण खरी अडचण पाण्यात नाहीच. ती इथे आहे. भरतीला होडी वर, ओहोटीला खाली, मध्ये शेवाळलेली पायरी. व्हीलचेअर इथे येऊन थांबते. मग दोघे-तिघे काखेत हात घालून माणसाला पोत्यासारखं उचलतात. त्यात त्याचा पाय होडीच्या खडबडीत कडेला घासतो, कातडी सोलते, आणि त्याला कळतही नाही. अशी जखम चिघळली, तर महिनोन् महिने भरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने खेळ आणि करमणूक यांत सहभागाची तरतूद केली आहे. तो सहभाग या पायरीवर अडतो. हलता उतार, वाळूत चालणाऱ्या रुंद चाकांची खुर्ची, होडीच्या कडेला जाड गादी: यातलं काहीच अशक्य कोटीतलं नाही.

तोवर, ज्यांना जायचंच आहे त्यांनी फोनवर "करता येईल का?" असं विचारू नका. होडीत चढवायची सोय कशी आहे, दिव्यांगांना शिकवायचं प्रशिक्षण कुणी घेतलंय, माझ्यासोबत पाण्यात किती जण असतील, हे विचारा. पहिल्याच दिवशी समुद्रात नेतो म्हणणाऱ्याला नकार द्या. आधी तलाव, घोट्यांची वजनं, खुणा. आणि वर आल्यावर कपडे बदलताना टाचा आणि गुडघे कुणाकडून तरी नीट बघून घ्या.