विसरण्याचा माग रक्तात

[दृश्य: देवगडजवळचं कौलारू घर, पडवी, मागे आमराई]

गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि आई तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते. वाडीतल्यांना रोजच्या बघण्यात फरक जाणवत नाही. वर्षाने आलेल्या मुलाच्या तो लगेच नजरेत भरतो. चुलीवरचं आधण विसरलं, पंप रात्रभर चालूच राहिला. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरात विषय मिटतो. तो असा मिटू देऊ नये, कारण हा आजारही असू शकतो.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. त्याचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. या आजारात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात, तीही विसराळूपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून. ती जिवंतपणी शोधायची तर पेट स्कॅन करायचा, नाहीतर मणक्यातून पाणी काढायचं. स्कॅनसाठी मोठं शहर गाठावं लागतं, आणि मणक्यात सुई म्हटली की घरचे कचरतात.

[दृश्य: जांभळ्या टोपणाची नळी, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, म्हणजे सेंट्रिफ्यूज]

आता हा माग दंडातून काढलेल्या रक्तातही लागतो. मेंदूत अमायलॉइड साचू लागलं की ‘पी-टाऊ २१७’ नावाचं टाऊचं एक रूप रक्तात वाढतं. पण असतं किती? मिलिलिटरमागे सहसा एका पिकोग्रॅमहूनही कमी, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! मे २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. ती पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड यांचं गुणोत्तर मोजते. पंचावन्नच्या पुढच्या, लक्षणं दिसणाऱ्या माणसांसाठीच ती आहे. धडधाकट माणसाने नुसत्या धास्तीने करून घ्यायची ही तपासणी नव्हे.

कोकणाच्या दृष्टीने खरी कसोटी नळीच्या प्रवासाची. रक्त काढल्यावर थोड्याच तासांत ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, वेगळा करावा लागतो. उन्हाळ्यात बांगडा बर्फाविना बाजारापर्यंत टिकत नाही, तसंच अमायलॉइडचं: उष्ण हवेत त्याचं प्रमाण घटत जातं, शिवाय ते नळीच्या भिंतीलाही चिकटतं. पी-टाऊ त्या मानाने चिवट. तरीही तालुक्याच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज, फ्रीझर आणि अखंड वीज नसेल, तर घाटापलीकडच्या यंत्रावर उमटणाऱ्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? आमच्या मते पैसा आधी इथे लागायला हवा.

[दृश्य: ग्रामीण रुग्णालय, बाकावर बसलेली वृद्ध माणसं]

आणि तो आकडा एकट्याने वाचायचा नसतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर अल्झायमर नसतानाही पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं. जुना मधुमेह मूत्रपिंड कमजोर करू शकतो, म्हणून तो असेल तर ही शक्यता डॉक्टरांनी ध्यानात घ्यायलाच हवी. विसराळूपणामागे बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा मनाची उदासीही असते, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून आधी बी-१२ आणि थायरॉइडची साधी रक्ततपासणी, डॉक्टरांशी निवांत बोलणं, स्मरणशक्तीची चाचणी. पी-टाऊची पाळी त्यानंतर, आणि तेव्हा शेजारी मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्टही हवा.